तिचं शिफारसपत्र

"अजून नाही."

कुठल्याही प्रश्नाला तिचं हेच उत्तर. लग्न झालंय? अजून नाही. गाडी चालवता येते? अजून नाही. तिच्या भाषेत म्हणे सरळ 'नाही' म्हणणं फार उद्धट वाटतं. असेल बुवा. पण नोकरीच्या फॉर्मवर 'तुमच्यावर कधी गुन्हा सिद्ध झाला आहे का?' यापुढेही तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'अजून नाही'. तो कागद एचआरकडे जायच्या आत मी फाडला आणि तिच्याकडून नवा भरून घेतला.

मी अमेरिकेत चँडलरच्या एका कम्युनिटी कॉलेजात मॅथ सेंटर चालवते. गणितात गटांगळ्या खाणाऱ्यांना काठाला आणायचं काम. ती व्हिएतनामहून दोन वर्षांसाठी शिकायला आली आणि आमच्याकडे ट्यूटर म्हणून लागली. पहिल्या दिवशी खुर्चीत बसायच्या आधीच तिने मला विचारलं, "तुमचं वय किती?"

अमेरिकेत, बाईला, वय! मी म्हटलं, "तुला काय करायचंय?"

"वय कळल्याशिवाय हाक कशी मारू?"

हे मात्र मला पटलं. आपण तरी काय करतो? पिकलेले केस बघून ताई की काकू ते ठरवतोच की. बावन्न सांगितल्यावर तिने मला 'को' करून टाकलं. को म्हणजे आत्या, आणि शाळेतल्या बाईसुद्धा.

दुपारी साडेबारा वाजले की ही गायब. पहिल्यांदा मी सगळं सेंटर पालथं घातलं, तर बाईसाहेब स्टेशनरीच्या खोलीत चटई अंथरून गाढ झोपलेल्या. एकच्या ठोक्याला चेहरा धुऊन हजर. "को, आमच्याकडे दुपारी सगळेच झोपतात." मला माझे वडील आठवले. दुसऱ्या दिवसापासून साडेबाराला मीच त्या दारावर 'सामानाची मोजणी चालू आहे' अशी चिठ्ठी लावायला लागले.

पण शिकवायची कशी! चुकीच्या उत्तराला 'चूक' म्हणून कधी म्हणायची नाही. 'अजून नाही' म्हणायची आणि कोरा कागद पुढे सरकवायची. घरांची छपरं घालणारा एक पंचावन्नचा गडी बीजगणितात तीनदा नापास होऊन आला होता. एकाच गणितावर तिने त्याला अकरा वेळा 'अजून नाही' म्हटलेलं मी या कानांनी ऐकलंय. बाराव्यांदा ती नुसती हसली. त्या आडदांड माणसाने आनंदाने तिला उचलूनच घेतलं, आणि ही हवेत ओंडक्यासारखी ताठ!

आणि मी काय म्हणाले? "हळू. लोक अभ्यास करतायत."

दुसऱ्या वर्षी तिचं घोडं अडलं. पुढे मोठ्या विद्यापीठात इंजिनिअरिंग करायचं तर पूर्ण स्कॉलरशिप मिळायलाच हवी होती. तिचे वडील गावी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. त्यांनी इथल्या दोन वर्षांची सोय केली होती, त्यापुढे त्यांनीही हात टेकले होते. स्कॉलरशिप नाही, तर शिक्षण अर्धवट टाकून घरी. आणि अर्जासोबत हवं होतं माझं शिफारसपत्र.

मी कामात होते. म्हटलं, "तूच लिहून आण, मी सही करते." आपल्याकडे कितीतरी सर असंच करतात. तुम्हीही आणलं असेल लिहून, उगाच साळसूदपणा नको. तिलाही नवल वाटलं नाही. "आमच्याकडेही असंच," म्हणाली.

दोन दिवसांनी तिने कागद आणला. 'ही मुलगी ठीक आहे. बोलते हळू, खाते त्याहून हळू. हिचा एकचा आकडा सातासारखा दिसतो. हिच्या आकृत्या म्हणजे कोंबडीचे पाय. दुपारी झोपते. हिला पुष्कळ शिकायचं आहे.'

"अगं, हे शिफारसपत्र आहे की पोलिसातली तक्रार? स्वतःबद्दल चार चांगले शब्द लिहिता येत नाहीत?"

"पण पत्र तुमचं आहे ना, को," ती शांतपणे म्हणाली. "म्हणून तुम्ही मला जे जे म्हणालात, तेच आठवून लिहिलं. यात माझं एकही वाक्य नाही."

मी परत वाचलं. खरंच की, सगळी वाक्यं माझी. कोंबडीचे पायसुद्धा! दोन वर्षांत माझ्या तोंडून या पोरीसाठी एकदाही 'शाब्बास' निघालं नव्हतं. तोंडावर कौतुक केलं की पोरं बिघडतात, असं आमच्या घरी मानायचे, आणि मीही तेच धरून बसले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी सकाळी मी स्वतः लिहायला बसले. छपरवाल्याबद्दल लिहिलं. लोक तिच्या टेबलापुढे रांग लावतात आणि माझं टेबल चुकवून जातात, हेही लिहिलं. एक पान मागितलं होतं, तीन झाली. नवरा डोकावून म्हणाला, "शिफारसपत्र आहे की पोवाडा?" मी त्याला गप्प बसवलं आणि पत्र पाठवून दिलं.

असं पत्र इथे विद्यार्थ्याला दाखवत नाहीत. म्हणजे मला ते तोंडानेच सांगायला हवं होतं. एप्रिलमध्ये ती धावत आली, "को, मिळाली! पूर्ण!" तेव्हा शब्द अगदी ओठांवर आले होते हो. आणि मी काय म्हणावं? "ओहायोत थंडी असते. स्वेटर घे."

ऑगस्टमध्ये ती गेली. आता तिच्या टेबलावर एक चटपटीत मुलगा बसतो. त्याच्या कामात खोट काढायला जागा नाही, तरी माझं मन काही तिथे लागत नाही.

सप्टेंबरात एका रविवारी तिचा फोन आला. "को, काल स्कॉलरशिपवाल्या मुलांचं जेवण होतं. इथल्या प्रोफेसरबाईंनी तुमच्या पत्रातलं थोडं सगळ्यांसमोर वाचून दाखवलं."

"मग?"

बारीक आवाजात तिने विचारलं, "खरं सांगा. ती मुलगी मीच का?"

"तूच गं! दुसरी कोण असणार?" म्हटलं आणि माझा बांधच फुटला. दोन वर्षं आत दाबून ठेवलेलं सगळं, मराठी, इंग्रजी, जे सापडेल त्यात, मी रडत रडत बोलत सुटले. गुणाची, हुशार, चिवट, माझ्या पोटची असतीस तर मिरवलं असतं गं तुला. तिकडून चकार शब्द नाही. मला वाटलं, फोन कट झाला.

"ऐकतेयस ना?"

"हो, को. जरा हळू बोला. मी लिहून घेतेय."