तार्येई बोटीवर होता

जर्मनांनी आमचा देश ताब्यात घेतला होता, तेव्हा ऑस्मुंड आणि मी कारखान्यात एकाच पाळीला असायचो. जड पाणी पिंपांत भरून झाकणं आवळायची, हे त्याचं काम. दिसायला साधंच पाणी, पण ढीगभर वीज जाळल्यावर थेंबभर मिळायचं. जर्मनांना त्यातून कसलासा भयंकर बॉम्ब करायचाय, एवढं आमच्या कानावर आलं होतं.

त्या हिवाळ्यात जर्मनांशी लढणारी, डोंगरात लपलेली आपली माणसं ऑस्मुंडला भेटली. जर्मन ती पिंपं त्यांच्या देशात कधी नेणार, एवढंच त्यांनी विचारलं. रविवारी, सरोवरापर्यंत रेल्वेनं आणि पुढे बोटीनं, असं त्यानं सांगितलं. मग त्यांनी बोट बुडवणार असल्याचं सांगून कुणाजवळही बोलू नकोस म्हणून बजावलं. त्याचा भाऊ तार्येई त्याच बोटीवर भट्टीत कोळसा टाकायचा.

शनिवारी ऑस्मुंड भावाकडे गेला. तार्येईच्या बायकोनं, सिग्नेनं, भाजलेल्या जवाची कॉफी दिली.

"उद्या ताप आलाय म्हणून सांग," ऑस्मुंड म्हणाला.

"मला ताप? ही कॉफी आणखी एक कप प्यायलो तर येईलही," तार्येई म्हणाला, आणि सिग्ने हसली.

ऑस्मुंडनं आणखी दोनदा विनवलं. कारण मात्र त्याच्या तोंडून निघालं नाही. तो टोपी घालून घरी आला.

रविवारी सकाळी सरोवराच्या खोल भागात बोटीत स्फोट झाला. वरच्या मजल्यावरचे काही लोक शेतकऱ्यांनी होड्या घालून वाचवले. भट्टीजवळची माणसं बोटीबरोबर तळाशी गेली.

चर्चमधली प्रार्थना झाल्यावर सिग्ने ऑस्मुंडसमोर येऊन उभी राहिली.

"तुला माहीत होतं."

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तो एकटा घरी बसला नसता, सिग्ने. सगळ्यांना उतरवलं असतं त्यानं. जर्मनांना कळलं असतं."

"उतरवू द्यायचं होतंस," ती म्हणाली, आणि निघून गेली.

आमच्याकडचं युद्ध संपल्यावर बॉम्ब पडला तो जपानवर, आणि टाकला अमेरिकेनं. पुढे वर्तमानपत्रांत आलं, की जर्मन लोक बॉम्बच्या जवळपासही पोचले नव्हते. ऑस्मुंडनं ते जेवणाच्या सुट्टीत वाचलं.

"म्हणजे ती पिंपं पोचली असती, तरी काही झालं नसतं?" त्यानं मला विचारलं.

तेव्हा कुणाला माहीत होतं, असं मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "हेच सांगायला काल सिग्नेकडे गेलो होतो. दार उघडलं नाही तिनं."

त्याला पदक द्यायला माणसं आली, तेव्हा तो मागच्या दारानं रानात निघून गेला. पुढे नोकरी सोडून तो वर डोंगरात, उन्हाळ्यात गुरं चारायला नेल्यावर राहायच्या झोपडीत एकटाच राहू लागला. तिथंच वारला. बर्फामुळे आम्हाला उशिरा कळलं.

पुरताना सिग्ने आली होती. कबरस्तानाच्या फाटकाशी थांबली, आत आली नाही.