जाग वं माय

"जाग वं माय, जाग," असं म्हणून ती बोर्डाचं बटण दाबायची आणि लगेच उजव्या हाताच्या बोटाची पाठ त्याच्यावर टेकवायची. तापलेल्या लेकराचं कपाळ आपण पाहतो ना, अगदी तसं. मग मान वाकडी करून पडद्याकडे बघत बसायची.

अकोल्याच्या एमआयडीसीत एका लहान कारखान्यात मी झाडझूड करते, चहा करते. सरकी काढायच्या जिनिंगमध्ये कापसाची ओल सांगणारं यंत्र तिथे बनतं. ती त्या यंत्राची इंजिनियर, त्याच्या आतला चिपांचा बोर्ड बनवणारी. तिवस्याची. शेठशी शुद्ध बोलायची, माझ्याशी आणि बोर्डाशी मात्र घरचं. मी तिला मॅडम म्हणायचे, ती मला मावशी. वयाने माझ्या लेकीएवढी असेल.

तिची खोली मागच्या अंगाला. खिडकी एकच, तीही शेजारच्या कारखान्याच्या भिंतीकडे उघडणारी. कापसाची धूळ नको म्हणून दार कायम लावलेलं. सकाळी आत गेलेली बाई संध्याकाळीच बाहेर दिसायची.

तिला बंगलोरला नोकरी लागली होती. दसऱ्याच्या आत हजर व्हायचं होतं. पण तिची कॉलेजची मूळ कागदपत्रं शेठच्या लोखंडी कपाटात होती, कामावर घेतानाच ठेवून घेतलेली. ती मागायला गेली की शेठ गोड बोलायचे. "नवीन बोर्ड चालू करून द्या, बेटा, आणि खुशाल जा." किल्ली त्यांच्या खिशात.

आणि बोर्ड काही चालू होईना. म्हणजे कधी व्हायचा, कधी नाही. पडद्यावर इंग्रजीच्या दोन ओळी यायच्या आणि थांबायच्या. चालला तर मुंग्यांसारख्या ओळीमागून ओळी धावायच्या. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण एवढं कळायचं.

एकदा मी विचारलं, याला झालं तरी काय. तिने मला खुर्चीवर बसवून सांगितलं. "तुमी दुसऱ्या बाईसंगं मिळून उखळात कांडलं असंन ना, मावशी? एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली. या डबीत घड्याळ हाये, थे ठोका देते. ही बाजूची काळी चिप म्हंजे मेमरी, तिनं त्या ठोक्यावर काम करा लागते. ठोका चुकला का मुसळावर मुसळ."

ती रोज मेमरीच्या वेळा बदलायची. एक आकडा कमी, एक जास्त, आणि वहीत लिहून ठेवायची. एखाद्या आकड्यावर बोर्ड चालला की त्यावर बरोबरची खूण करायची. दुसऱ्या दिवशी त्याच आकड्यावर बंद. घड्याळही तिने तपासलं होतं. ठोका मोजायच्या यंत्राची सुई डबीला लावली की बोर्ड लगेच चालायचा. म्हणून घड्याळ ठीक आहे, खोट मेमरीतच, असं तिने मनाशी धरलं होतं.

दुपारी आम्ही दोघी तिथेच डबा खायचो. त्या कारखान्यात माझ्यासोबत जेवायला बसणारी ती एकटीच. माझा ठेचा तिला लागायचा. खाता खाता बोर्डाकडे बघून म्हणायची, "सासू उठवून राह्यली मी. चहा ठेवला, पाय दाबले, तरी डोये उघडत नाही." मी तोंडाला पदर लावून हसायचे.

गणपती बसले त्या दिवसांत तिचं बोट सोल्डरिंगच्या तापलेल्या सळईने भाजलं. उजव्या हाताला पट्टी. दोन दिवस ती डाव्या हाताने बटण दाबायची आणि भाजलेला हात मांडीवर ठेवायची. दोन्ही दिवस बोर्ड एकदाही जागा झाला नाही. तिसऱ्या दिवशी पट्टी निघाली, बोटाची पाठ पुन्हा मेमरीवर टेकली, आणि ओळी धावल्या. ती वहीत खूण करत होती. मी फडकं हातात धरून तिच्या बोटाकडे बघत होते. बोटाची पाठ मेमरीवर असायची, पण त्याचा सांधा शेजारच्या घड्याळाच्या डबीवर टेकायचा.

पुढे मी रोज पाहिलं. हात लागला की चालतो. हात लागला नाही की दोन ओळी. स्वतःची सवय स्वतःला दिसत नाही, तुम्हीही पाहिलं असेल.

आठ दिवस मी बोलले नाही. चौथी शिकलेल्या बाईने इंजिनियरला काय सांगावं, हे एक कारण. दुसरं लिहिताना हात अडतो. बोर्ड जागा झाला की ती जाणार होती.

नवव्या दिवशी तिला बंगलोरहून फोन आला. येता की दुसरं कोणी घेऊ, असं विचारत होते. तिने फोन ठेवला आणि डोकं टेबलावर टेकवलं. जरा वेळाने म्हणाली, "जाऊ द्या, मावशी. या खोलीतच म्हातारी होतो आता." आणि सवयीने बटणाकडे हात नेला. "जाग वं माय..."

मी तिचं मनगट धरलं.

"बटण दाबा. हात नका लावू," मी म्हणाले.

दोन ओळी आल्या आणि थांबल्या.

"आता बंद करून पुन्हा लावा. हात ठेवा."

ओळी धावल्या.

तिने तसं सहा वेळा केलं. मग आपलं बोट डोळ्यांसमोर धरून बघत राहिली. डबीच्या दोन बाजूंना तिळाएवढे दोन भाग होते. ते चुकीच्या मापाचे बसले होते आणि ती उणीव तिचं बोट भरून काढत होतं. मापाची सुईही तेच करत होती. तिने ते भाग बदलले, दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि मला बटण दाबायला लावलं. वीस वेळा दाबलं. वीस वेळा चालला.

शेठनी कपाट उघडलं.

जायच्या दिवशी ती कागदांची फाईल छातीशी धरून खोलीत आली. म्हणाली, "तुमाले कवा दिसलं हे, मावशी?"

"त्याच दिवशी, मनगट धरलं तेव्हा," मी म्हणाले.

तिने माझ्या गालावर बोटाची पाठ टेकवली आणि गेली. खरं सांगायला मी मागून गेटपर्यंत गेले. ऑटो निघून गेला होता.

आता तसे बोर्ड रोज तयार होतात. बटण दाबलं की सुरू. त्यांना कोणी काही म्हणत नाही. दुपारी मी त्याच खोलीत दार ओढून डबा खाते. टेबल पुसताना कधी बोटाची पाठ त्या डबीवर ठेवते आणि हळूच म्हणते, जाग वं माय. बोर्ड आधीच जागा असतो.