निशाणमास्तरांची वही

आमचे निशाणमास्तर स्वतःची ओळखच अशी करून द्यायचे: "मला सरकारने नेमलेलं नाही, नाखव्यांनी नेमलंय." आणि हे सांगताना मान अशी ताठ, की समोरचा साहेबसुद्धा खुर्चीत सावरून बसे.

पनवेलच्या शाळेत त्यांनी आम्हाला चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर उरणकडच्या नाखव्यांनी, म्हणजे होडीवाल्यांनी, त्यांना गळ घातली, की प्रत्येक घराच्या होडीला वेगळं निशाण काढून द्या. कुणाला सुरमई, कुणाला शिंपला. एकाचं दुसऱ्याला द्यायचं नाही, हा नियम. सगळी निशाणं एका वहीत काढलेली आणि प्रत्येक पानाखाली वळणदार अक्षरात एकच ओळ, 'ही नोंद सरकारी नाही.' मी वकील झाल्यावर त्यांना म्हटलं, मास्तर, हे कशाला लिहिता, लोक मान देतात ना? ते म्हणाले, खोट्या रुबाबाचा मान मला पचत नाही.

आणि मग एका नारळी पौर्णिमेला दोन होड्या एकच निशाण लावून पाण्यात उतरल्या. दोन पापलेटं, वर चांदणी. मास्तरांनीच मागची पानं न चाळता दुसऱ्यांदा काढून दिलं होतं. ज्याचं निशाण आधीचं, तो नाखवा तणतणत माझ्याकडे आला. त्याला मास्तरांना नोटीस धाडायची होती.

मी कायदा बघितला आणि खुशीत मास्तरांचं घर गाठलं. म्हटलं, "निश्चिंत राहा. कायद्याने तुम्ही कोणीच नाही. तुमच्यावर काही येत नाही."

मास्तरांनी चष्मा काढून ठेवला. मला वाटलं, हसतील. कसलं काय!

"कोणीच नाही म्हणून सुटायचं? मग इतकी वर्षं मी कोण होतो गं?"

मी खजील झाले. दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन ते कोळीवाड्यात गेले. देवळापुढे सगळ्यांसमोर वही ठेवली, चूक माझी आहे म्हणाले, आणि दुसरा माणूस नेमा म्हणून हात जोडले. तेव्हा त्या चिडलेल्या नाखव्याची म्हातारी आई उठली आणि वही उचलून तिने मास्तरांच्या हातात दिली.

"आमी निशाण बदलतो, मास्तर. तुमाला नाय बदलनार."

मास्तर रडले. मीही रडले, लपवू कशाला!

आता मास्तर नाहीत. नाखव्यांनी वही माझ्याकडे आणून दिली, नेमणुकीचा ना कागद, ना शिक्का. मास्तरांसारखा हात मला कुठला! पण नवी होडी आली की आधी सगळी पानं चाळते, मग निशाण काढते. खाली तीच ओळ लिहिते, आणि माझीही मान ताठ होते.