तांब्याचा वॉशर

मोटरसायकलचं ऑईल बदलताना तेल सोडायच्या खालच्या नटाचा तांब्याचा वॉशरही बदलावा लागतो, हे मला मोबाइलवरच्या एका व्हिडिओतून कळलं आणि तेवढ्यावर मी स्वतःला मिस्त्री समजायला लागलो. गाडी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. तासगावात स्टँडमागं गॅरेज असलेल्या चाचांशिवाय तिला कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. म्हणून मी हे काम आमच्या द्राक्षबागेतल्या शेडमध्ये गुपचूप उरकायचं ठरवलं.

वॉशर काही मिळेना. सांगलीत जाऊन स्पेअर पार्टची दुकानं पालथी घातली. सुटा कुणी देईना. पॅकिंगचा अख्खा सेट घ्या म्हणायचे, आणि एका चकतीसाठी एवढे पैसे घालवायला माझा जीव होईना. चाचांनी मागताक्षणी दिला असता. पण मग आबांना कळलं असतं. शेवटी शेडमध्येच फवारणीच्या पंपाचा जुना रबरी वॉशर सापडला. मापाला बरोब्बर बसला. मी स्वतःवरच खूश झालो आणि आबांना सांगून टाकलं, "चाचांकडून ऑईल बदलून आणलं."

दोन दिवसांनी आबा कोयनानगरला माझ्या बहिणीकडे निघाले. गरम तेलात तो रबर फुगून मऊ पडला, घाट चढता चढता तेल गळून गेलं आणि एका वळणावर इंजिन जाम झालं. आबा पडले. मनगट मोडलं. दरीच्या बाजूला पडले असते तर, हा विचार मला आजही जेवताना मध्येच येतो.

टेंपोतून गाडी चाचांच्या दारात उतरवली. आबा गळ्यात हात अडकवून उभे होते, मी त्यांच्या शेजारी. चाचांनी खाली वाकून नट काढला. त्याला चिकटलेलं ते काळं, बुळबुळीत कडं दोन बोटांत फिरवून बघितलं, आणि मग माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. बोलायला मला भरपूर वेळ दिला त्यांनी. मी चपलेकडं बघत राहिलो.

"काय झालंय, चाचा? आत्ताच तर तुमच्याकडनं ऑईल बदललंय," आबांनी विचारलं.

चाचांनी कडं खिशात टाकलं. "नजर कमी झालीया आता. माझ्याकडनंच नट ढिला ऱ्हायला आसंल."

आबांनी गाडी दुसऱ्या गॅरेजला हलवली, आणि पुढं बागायतदारांत जिथं बसतील तिथं सांगत राहिले, म्हातारा आता कामाचा राहिला नाही. आबांच्या शब्दाला आमच्याकडं मान आहे. चाचांच्या दारातल्या गाड्या हळूहळू कमी झाल्या. मी स्टँडवर जाताना लांबच्या रस्त्यानं जायला लागलो. लाज वाटायची, पण खरं बोलण्याइतकी वाटली नाही.

सहा महिन्यांनी धीर करून गेलो. चाचा एकटेच बसले होते. भिंतीवरच्या तारेत तांब्याचे वॉशर ओवलेले होते. जुना वॉशर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकायचा, की मऊ होऊन पुन्हा चालतो. हे त्यांचं रोजचं काम. ज्याच्यासाठी मी सांगली पालथी घातली, ते इथं डोळ्यांसमोर लटकत होतं.

"चाचा, त्या दिवशी..."

"मला कशाला सांगतूस? मला ठाव हाय." त्यांनी तारेतून पाच-सहा वॉशर काढून माझ्या हातावर ठेवले. "आबास्नी सांग."

सांगेन म्हणालो.

हल्ली ऑईल आबा माझ्याकडूनच बदलून घेतात. कालच ते माझ्या बहिणीकडं निघाले. मनगट अजून पुरतं वळत नाही. किल्ली फिरवता फिरवता म्हणाले, "खालचा नट बघितलास न्हवं? त्या म्हाताऱ्यागत करू नगंस."

नटाला चाचांनी दिलेलाच वॉशर होता.

"बघितलाय, आबा," मी म्हणालो.