न उघडलेली पाकिटे

तापलेल्या रबराचा तो वास अजून नाकात आहे. सांगलीच्या डॉक्टरांनी दंडाला पिशवी गुंडाळली, फुग्याने हवा भरली आणि काचेच्या नळीत पारा चढत गेला.

"हाय ब्लड प्रेशर," ते म्हणाले. म्हणजे रक्ताचा वाढलेला दाब. छातीतल्या धडधडीला त्यांनी 'पॅल्पिटेशन' म्हटले.

लढाईचे दिवस. आष्ट्यातल्या आमच्या आळीत घरटी एक माणूस पलटणीत, आणि बायकांत साताऱ्याच्या शाळेत शिकलेली मी एकटी. दुपारी टपाल आले की आमच्या सोप्यात बायका जमत आणि मी त्यांची पत्रे वाचून दाखवीत असे.

"ते वाचन आधी बंद," डॉक्टरांनी बजावले. "दुसऱ्यांची काळजी तुमच्या रक्तात चढते."

मीठही बंद झाले. सासूबाईंनी दुपारी दाराला कडी घातली.

डॉक्टरांनी नाडी मोजायला शिकवले होते. मी दिवसभर मोजून वहीत टिपू लागले. पहाटे जात्यापाशी ती संथ, ओवीच्या लयीत. चुलीपाशी जरा चढती. टपालवाल्याच्या सायकलची घंटी वाजली की बोटांखाली पाखरू फडफडे, आणि कडीआडून परत जाणाऱ्या बायकांच्या जोडव्यांचा आवाज विरला तरी शांत होईना. माझ्या सक्तीच्या विश्रांतीचा तो तासच सर्वांत आजारी होता.

नवव्या दिवशी शेजारच्या तानूबाई परसदाराने आल्या. चार दिवस न फोडलेले पाकीट चोळीत घामाने मऊ झालेले.

"मास्तरांकडे का नाही गेलात?"

"आवं वैनी, मास्तर वाचतोय, पर थांबत न्हाई. वंगाळ काय असलं तर माझा हात कोण धरंल?"

मी फोडले. मिसरातून, इजिप्तच्या आघाडीवरून, मुलाने विचारले होते, म्हैस व्याली का.

तानूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "मुडद्यानं आईचं न्हाई इचारलं!"

आम्ही पोट धरून हसलो. मग मी नाडी मोजली. जात्यापाशी असते तशीच होती.

वही घेऊन मी पुन्हा सांगली गाठली. "न उघडलेले पाकीट मला आजारी पाडते, डॉक्टर. उघडलेले नाही. मी वाचणार."

त्यांनी पाने दोनदा चाळली. "मीठ मात्र बंदच."

हे दुखणे ज्यांना जडेल त्यांनी आपली नाडी आपल्या बोटांनी मोजावी. दिवसाचा कोणता प्रहर आपल्याला छळतो, ते दुसऱ्याला दुरून कळत नाही.

परतले तेव्हा दाराची कडी काढलेली होती. सोप्यात बायका दाटीने बसलेल्या. सासूबाईंनी मधोमध घोंगडे अंथरले, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "बैस."