समितीतला सामान्य माणूस

मानवी भ्रूण ही येणाऱ्या पिढ्यांनी आपल्या हाती सोपवलेली पवित्र ठेव आहे, आणि तिचं रक्षण अखेर सामान्य माणसाची विवेकबुद्धीच करत असते. हे वाक्य आमच्या समितीच्या अध्यक्षांचं. त्यातला सामान्य माणूस म्हणजे मी. सदस्यांच्या यादीत माझ्या नावापुढे तसं छापलेलंच होतं.

कर्जतहून खालापूरकडे जाताना एक खासगी रुग्णालय लागतं. मूल होत नाही अशा जोडप्यांवर तिथे उपचार होतात. बाईची बीजं काढून नवऱ्याच्या शुक्राणूंशी प्रयोगशाळेत त्यांचा संयोग घडवतात. जे भ्रूण तयार होतात त्यातला एखादा गर्भाशयात सोडतात आणि बाकीचे गोठवून ठेवतात. तिथल्या मुख्य डॉक्टरांना या उरलेल्या भ्रूणांवर संशोधन करायचं होतं. चांगले दिसणारे भ्रूणही कधी कधी रुजत नाहीत, ते का, हे त्यांना शोधायचं होतं. अशा कामाला एथिक्स कमिटी लागते. तिच्यात डॉक्टर हवेत, वकील हवा, समाजशास्त्राचं कोणी हवं, आणि नियमाप्रमाणे यातलं काहीच नसलेला एक माणूसही हवा. मी कर्जतच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. निवृत्त होऊन भिसेगावात राहत होते आणि माझ्या दुपारी रिकाम्या होत्या.

मलाच का निवडलं, याचा मी बराच विचार केला. ज्याला नाही म्हणायची सवय आहे त्याला कोणी समितीवर घेत नाही, एवढं मला नोकरीत कळलं होतं. म्हणजे माझ्याबद्दल कोणीतरी चांगलं बोललं होतं. ते मला आवडलं नाही.

बैठका रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर व्हायच्या. लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली आणि बारीक आवाजात चाललेला एसी. अध्यक्ष एके काळी मोठ्या हुद्द्यावर होते आणि पुण्याहून गाडीने येत. माणूस नेमका कधी सुरू होतो, हा त्यांचा आवडता प्रश्न. प्रयोगशाळेत भ्रूण चौदा दिवसांपलीकडे वाढवू नये, असा नियम आहे. अध्यक्ष वेदान्तापासून सुरुवात करत आणि चौदाव्या दिवसाशी पोहोचेपर्यंत जेवणाची वेळ झालेली असे. संशोधनाला माझा विरोध नव्हता, आजही नाही. ज्या बाईचा उपचार पुन्हा पुन्हा फसतो तिला त्याचं कारण कळावं, यात वाईट काय आहे? मला संशय होता तो सगळं इतकं गुळगुळीत चाललं होतं त्याचा.

माझ्या वाट्याला काम आलं ते मराठीचं. जोडप्यांची संमती घेताना जो मजकूर वाचायला देतात, त्याचं भाषांतर कोणीतरी असं केलं होतं की वाचणाऱ्याला आपल्यावर खटला भरलाय असं वाटावं. मी ते नीट केलं. त्यात एक वाक्य होतं : ‘तुम्ही केव्हाही, कोणतंही कारण न देता नाही म्हणू शकता; त्याचा तुमच्या उपचारांवर काहीही परिणाम होणार नाही.’ अध्यक्षांनी ते मोठ्याने दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचा आवाज भरून आला.

पुढच्या बैठकीत डॉक्टरांनी सांगितलं, की ज्यांना ज्यांना विचारलं त्या सर्व जोडप्यांनी संमती दिली आहे. एकानेही नाही म्हटलेलं नाही.

आमच्या सोसायटीत फाटकाला कोणता रंग द्यायचा यावर सभेमागून सभा झाल्या आणि फाटक अजून गंजलेलंच आहे. याच तालुक्यांतली, याच पाण्यावर वाढलेली इतकी जोडपी एका प्रश्नाला एकच उत्तर देतात म्हटल्यावर मी विचारलं, हे कसं? डॉक्टर हसून म्हणाले, आमचे पेशंट समाधानी आहेत. अध्यक्षांनी त्यात विज्ञानावरची समाजाची श्रद्धा पाहिली. मला मात्र आमचं कॉलेज आठवलं. तिथेही प्राचार्य वर्गात येऊन ‘कोणाला काही अडचण?’ असं विचारायचे तेव्हा कोणालाच नसायची.

आमच्या खालच्या मजल्यावर एक जोडपं राहतं. ती खालापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तो तिकडेच एका कारखान्यात पाळीवर जातो. तिसऱ्या प्रयत्नात तिला दिवस गेले होते, त्याच डॉक्टरांच्या हाताने. सासू भिवपुरीजवळच्या गावातली. सुनेला चौथा लागला तशी भाताची कामं थोरल्यावर टाकून इकडे येऊन राहिली होती. एका संध्याकाळी दोघी वर आल्या. मी चहा टाकला. सुनेने बशी बाजूला सरकवली आणि सगळं सांगितलं.

बाळाचे ठोके पहिल्यांदा ऐकू आले त्या दिवशी नवरा-बायको पेढे घेऊन डॉक्टरांकडे गेले होते. डॉक्टरांनी नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली, पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, “चला, आता आणखी एक चांगलं काम करूया.” कागद टेबलावर तयारच होते. यांचे दोन भ्रूण गोठवलेले होते. दोघांनी सह्या केल्या. बाहेर पडताना नवऱ्याने विचारलं, आपण काय दिलं गं? तिलाही नीट सांगता आलं नाही.

तिथे सगळ्यांना असंच विचारतात, हे तिला वेटिंग रूममधल्या बायकांकडून कळलं होतं. ठोके, पेढे, सही. एकानेही नाही का म्हटलं नव्हतं, ते मला आत्ता कळलं.

आता तिला संमती मागे घ्यायची होती. आणखी मूल हवंय म्हणून का, असं मी विचारलं. ती म्हणाली, तसं काही ठरवलेलं नाही. “पण ते आमचे आहेत, काकू, आणि मी विचार न करता देऊन टाकले.” मग अडचण काय, हे मी विचारायच्या आत तीच म्हणाली, “अजून पाच महिने आहेत. डिलिव्हरी त्यांच्याच हातात आहे. त्यांना वाईट वाटलं तर?”

मी तिला माझंच वाक्य म्हणून दाखवलं. केव्हाही, कोणतंही कारण न देता.

“वाचलंय मी ते. छान लिहिलंय,” ती म्हणाली. “पण ते डॉक्टरांच्या तोंडाकडे बघून म्हणायचं असतं ना.”

सासू इतका वेळ माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे संशयाने पाहत होती. ती म्हणाली, “बाई, तुमी त्या मिटिंगीला बसता ना? मंग मला येक सांगा. तिथं ठेवलंय ते माझं नातवंड हाय का नाय?”

मी म्हटलं, यावर जाणकारांत मतभेद आहेत.

“येवढी शिकलेली मानसं बसवलीत, जेवन घालतात, आन आजून ठरलं नाय?”

“आई, गप बसा हो,” सून म्हणाली.

सासूची भीती वेगळीच होती. संशोधन बिंशोधन तिला पटत नव्हतं. तिच्या मते ते दोन भ्रूण मुंबईच्या कोणा श्रीमंताला विकणार, आणि उद्या तिच्या मुलाच्या तोंडवळ्याचं पोर कोणाच्या तरी मोटारीतून फिरणार. मी तिला समजावलं, की असं दुसऱ्याला देता येत नाही, तसा कायदाच आहे.

“कायदा कशाला केला मंग?” ती म्हणाली. “कोनीतरी केलंच असंल ना तसं.”

मी तिच्या कपात आणखी चहा ओतला.

सुनेची इच्छा होती, की मीच डॉक्टरांशी बोलावं. माझं ते ऐकतील. मला तेच नको होतं. मी बोलले असते तर तिचा नकार हा माझ्या वशिल्याचा नकार झाला असता. बाकीच्या बायकांच्या वरच्या मजल्यावर समितीची बाई राहत नव्हती. मी तिला म्हटलं, विचारण्याची वेळ चुकतेय एवढं मी बैठकीत मांडते, नाव घेणार नाही. तुझं तू ठरव. ती हो म्हणाली खरी, पण निराश होऊन खाली गेली.

पुढच्या बैठकीत मी विषय काढला. आनंदाच्या भरात माणूस काहीही देऊन बसतो, ती संमती नव्हे, आभार मानणं झालं, असं मी म्हटलं. डॉक्टर खरोखरच दुखावले. ते सोंग करत होते असं मला वाटलं नाही, आणि वाटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, “मॅडम, मी कोणावर जबरदस्ती केली का? त्या आनंदात असतात म्हणून विचारतो. रडत असतात तेव्हा विचारू का?”

प्रश्न रास्त होता. त्यांच्या खोलीत बायका या दोनच अवस्थांत येतात, हेही खरं होतं. मी म्हटलं, दोन्ही वेळी नको. दुसऱ्या एखाद्या दिवशी विचारा. दुसऱ्या कोणीतरी विचारावं, आणि तेव्हा तुम्ही खोलीत नसावं. वकील म्हणाले, यात कायदेशीर हरकत दिसत नाही. अध्यक्षांनी या पद्धतीला ‘विवेकाचा अवकाश’ असं नाव दिलं आणि ती एकमताने मंजूर झाली. एकमत झालं म्हणून मी पुन्हा अस्वस्थ झाले.

जेवताना डॉक्टर माझ्या शेजारी बसले. मला कोशिंबीर वाढली आणि सहज विचारावं तसं विचारलं, “त्या भिसेगावातल्याच आहेत ना?”

मी म्हटलं, भिसेगाव मोठं आहे.

“हो, फार वाढलंय,” ते म्हणाले आणि माझ्या ताटात एक पुरी वाढली.

ती पुरी मी नंतर कित्येक दिवस मनात उलटून पालटून पाहिली. ती धमकी होती, माया होती, की नुसती पुरी होती, हे मला ठरवता आलं नाही. त्या संध्याकाळी खाली जाऊन मी सुनेला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती वह्या तपासत होती. तिने पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, “म्हणजे त्यांना कळलंच आहे. मग मीच सांगते.”

तपासणीच्या दिवशी नवऱ्याची पहिली पाळी होती म्हणून सासूबरोबर मीही गेले. आत तिच्याबरोबर कोणीतरी एकानेच जायचं होतं. सासू म्हणाली, तुमी जा, मी त्या मानसाला बगून काय तरी बोलून जाईन. सून खुर्चीत बसली, पर्स मांडीवर घट्ट धरली आणि शाळेत हजेरी घेतात त्या आवाजात म्हणाली, “सर, त्या दिवशी मी हो म्हटलं होतं. आता नाही म्हणते.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “कारण?” ते म्हणाले, आणि लगेच हात वर करून, “नको, सांगू नका.” मग नर्सला बोलावून कागद बदलून आणायला सांगितले. त्यानंतर त्यांनी रक्तदाब पाहिला, पोट तपासलं, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. नेहमीसारखंच सगळं.

परत येताना रिक्षात आम्ही तिघींनी त्या नेहमीसारख्याची चिरफाड केली. सुनेच्या मते ते दर वेळी ‘काळजी घ्या’ म्हणतात, आज म्हणाले नाहीत. माझ्या मते म्हणाले, पण दार उघडत असताना. सासू खोलीत आलेलीच नव्हती, तरी तिला खात्री होती. “बाहेर त्या नर्सनं माझ्याकडं बगितलंच नाय. मागल्या येळी हसली व्हती.” पुढचे महिने असेच गेले. गोळ्यांची कंपनी बदलली तरी संशय, नंबर उशिरा लागला तरी संशय. एकदा डॉक्टर फार हसून बोलले, तेव्हा तर सुनेला रात्रभर झोप आली नाही.

मधल्या काळात समितीची बैठक झाली. नव्या पद्धतीने विचारल्यावर बऱ्याच जोडप्यांनी नाही म्हटलं होतं. डॉक्टरांनी ते सपाट आवाजात वाचून दाखवलं आणि संशोधनाला आता जास्त काळ लागेल, असं सांगितलं. तेही खरं होतं. त्या उत्तराची वाट पाहणाऱ्या बायका कुठेतरी होत्याच, आणि त्यांच्या वतीने त्या टेबलाशी कोणी बसलेलं नव्हतं.

मुलगी झाली. शस्त्रक्रिया करावी लागली. रविवार असूनही डॉक्टर स्वतः आले आणि बाळ-बाळंतीण ठीक आहेत हे पाहूनच घरी गेले. संशय ठेवायला जागा उरली नाही, तरी मी थोडा ठेवला.

घरी सोडलं त्या दिवशी पुढच्या दाराशी फरशीचं काम चाललं होतं, म्हणून आम्हाला मागच्या उतारावरून बाहेर काढलं. तिथे एक टेंपो उभा होता आणि ड्रायव्हर त्यातून दुधाच्या कॅनसारखी मोठाली भांडी उतरवत होता. झाकणांच्या कडेने पांढरा धूर निघत होता. सासूने बाळाचं तोंड दुपट्याने झाकलं आणि त्याला विचारलं, “काय हाय रं बाबा ह्ये?”

नायट्रोजन, तो म्हणाला. वरच्या टाकीत ओततात. त्यात गोठवलेले भ्रूण असतात, ते त्याने थंड राहतात.

“आपली दोन त्याच्यातच हाईत का गं?” सासूने विचारलं. सुनेने मान हलवली. सासूने दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांकडे पाहिलं, मग त्या भांड्यांकडे, आणि ड्रायव्हरला म्हणाली, “निस्तं हितंच आनतोस का आनखी कुटं?”

तो म्हणाला, दर फेरीला पहिला कॅन तो गुरांच्या दवाखान्यात उतरवतो. तिथल्या टाकीत वळूंचं वीर्य ठेवलेलं असतं. ती भरून झाली की बाकीचे कॅन इथे आणतो, कारण तो दवाखाना रस्त्यात आधी लागतो.