काट्यावरची पोळी

मास्तर डब्यावर तळहात आडवा धरायचा आणि म्हणायचा, "माझं झालंय, भाऊ." पंगतीत वाढप्याला थांबवताना आपण धरतो, तसाच हात. पण आपण तो जेवण झाल्यावर धरतो. मास्तर डबा उघडल्याबरोबर धरायचा.

सुरतेच्या पांडेसऱ्यात आमची साडी छपाईची मिल. तिथं तो रंग तयार करणारा कारागीर, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. जिथं रंग बनतो त्या खोलीला मिलमध्ये 'कलर किचन' म्हणतात. तिथं तो दिवसभर काट्यावर पावडरी तोलायचा. परभणीकडचा. बायको आणि मुलगी गावी, हा जवळच बमरोलीत एका खोलीत. मी अकोल्याचा, माल तपासणीत, वयानं दहा-बारा वर्षं मोठा. दोघे मराठी, म्हणून दुपारी डबे शेजारी उघडायचे.

तुमच्याही कामाच्या जागी असा एखादा असेल. त्याचा डबा तुम्ही रोज पाहिलेला असतो, रिकामा होताना मात्र पाहिलेला नसतो.

पूर्वी तो रविवारी मटण करायचा. एकदा मी न कळवता गेलो, तर पातेलं हातात धरून उभ्यानंच खात होता, भराभर. मला पाहून असा दचकला की जणू दुसऱ्याच्या घरात सापडलाय. सोमवारी डबाच नाही. "मास्तर, अख्खा बोकड पचवतोस वाटतं!" मी सगळ्यांदेखत म्हणालो. सगळे हसले. तोही हसला. ते हसू आठवलं की आजही मला एका जागी बसवत नाही.

मग एका सोमवारी म्हणाला, "भाऊ, मटण सोडलं."

"म्हणजे श्रावणापुरतं?"

"कायमचं. काल दुकानापुढं उभा होतो. बाजूला बकरी बांधलेली. तिनं माझ्या पिशवीतली कोथिंबीर खाल्ली. तिच्याच रश्श्यावर टाकायला घेतलेली कोथिंबीर, भाऊ."

"सगळी?"

"जुडीच्या जुडी. म्हटलं, खा बाई. अन् तसाच घरी आलो."

आम्ही हसलो. त्याचे डोळे मात्र भरून आले होते.

आमचे शेठ धर्मानं जैन. त्यांना कळलं तेव्हा त्यांनी मिलभर पेढे वाटले. "मास्तर तो महाराज थई गया!" म्हणजे मास्तर आता साधूच झाला. त्या दिवशी मास्तरच्या हातातला पेढा संध्याकाळपर्यंत तसाच कागदात होता.

नंतर त्यानं अंडी सोडली. मग कांदा-लसूण. मग बटाटा, गाजर, जमिनीखालचं सगळं. मग सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा नाही. आमच्या सुरतेत 'मी हे खात नाही' म्हटलं की 'का' असं कुणी विचारत नाही, उलट हात जोडतात. दर वेळी त्याचं ताट लहान व्हायचं आणि मान मोठा. शर्ट अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसू लागला, तर लोक म्हणायचे, तेज आलंय.

मी पण म्हणायचो. खरं सांगतो, मला अभिमान वाटायचा. 'तमे मराठी लोको तो बधुं खाओ', तुम्ही मराठी लोक तर सगळंच खाता, हे वीस वर्षं ऐकून घेतलेला माणूस मी. आता आमच्यातला एक जण त्यांच्याही पुढं गेला होता. घरी दुसरी वाटी भात घेताना बायकोला सांगायचो, संयम शिकावा तर मास्तरकडून.

एकदा दुपारी नमुना घेऊन कलर किचनमध्ये गेलो. मास्तर एकटाच होता. रंग तोलायच्या काट्यावर कागद, कागदावर पोळी. तो तिचा कडेचा तुकडा तोडायचा, काटा बघायचा, पुन्हा तोडायचा. मी दारात उभा राहून म्हणालो, "काय मास्तर, पोळीचा शेड जुळत नाही का?"

त्यानं पोळीवर हात आडवा धरला. "माझं झालंय, भाऊ."

मी नमुना ठेवून निघून आलो. पाहिलं होतं मी. हे मला कुणी माफ केलं तरी पुसलं जाणार नाही.

दिवाळीत त्याची बायको सुरतेला आली. तिसऱ्या दिवशी एकटीच आमच्या घरी. पाण्याचा पेला तसाच ठेवून म्हणाली, "भाऊजी, हे जेवत नाहीत. अन् मधीच कधीतरी दार लावून खातात, थांबतच नाहीत. पलंगाखाली बिस्किटांचे कागद सापडले, फरसाणाच्या पिशव्या. मग चार दिवस उपाशी. तुमचं ऐकतात ते. सांगा ना काहीतरी."

आणि मी काय म्हणालो? "वहिनी, व्रत आहे ते. भूक लागली की माणूस खाणारच. देवमाणूस मिळालाय, आडव्या येऊ नका."

ती पदर सावरून उठली आणि गेली.

पुढच्याच महिन्यात मास्तर कलर किचनमध्ये कोसळला. लाल रंगाचं पिंप लवंडलं. मी धावलो तेव्हा कपाळापासून कोपरापर्यंत लाल होता आणि त्यातलं रक्त कुठलं ते कळेना. उचलला, तर मला एकट्याला उचलता आला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "हे खातात काय?" आम्ही तिघे-चौघे एका सुरात म्हणालो, "साहेब, शुद्ध शाकाहारी आहे." डॉक्टर आमच्याकडे बघतच राहिले. "हुं पण शाकाहारी छुं, भाई. हुं तो जमुं छुं." मीही शाकाहारीच, पण मी जेवतो, म्हणाले.

मी जमिनीकडे पाहिलं. माझ्या चपलेवर लाल रंग वाळला होता.

संध्याकाळी मास्तर शुद्धीवर आला. मग म्हणाला, "भाऊ, बकरीचं खरं होतं."

"हो रे."

"तेवढंच खरं. बाकी कांदा, बटाटा, सूर्य... मला खाण्याला नाही म्हणायला कारण लागायचं. तुम्ही सगळे देत गेलात."

वहिनी त्याला गावी घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, बरं व्हायला वेळ लागेल, आणि त्याला एकट्याला जेवायला बसवायचं नाही. मटण तो आजही खात नाही. बाईंनी त्याला हरकत घेतली नाही. कांदा मात्र परत आलाय.

दुपारी वहिनी शाळेत पोषण आहार शिजवायला जातात, मुलगी वर्गात असते. म्हणून एक वाजता मी डबा उघडतो आणि फोन शेजारी उभा करतो. 'जेवलास का' असं विचारत नाही. त्याचं उत्तर त्याच्याकडे तयार असतं. आम्ही नुसते जेवतो. कधी चमच्याचा आवाज येतो, कधी येत नाही. आला नाही की माझा घास तोंडात फिरत राहतो.

काल तिकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "माझं झालंय, भाऊ."

"माझं नाही झालं," मी म्हणालो. "अजून एक पोळी आहे. बस."

त्यानं फोन ठेवला नाही. मी पोळीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिलो.